बेरोजगारीचा आकडा छापताना मोजपट्टीही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय दर महिन्याच्या मध्याला ‘नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणा’चे, म्हणजे ‘पीएलएफएस’चे, मासिक पत्रक काढते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत बेरोजगारीची बातमी येते. मे २०२५ पासून हा क्रम सुरू झाला. पहिल्या पत्रकात एप्रिल २०२५ चा बेरोजगारी दर ५.१ टक्के होता. त्याआधीच्या वार्षिक अहवालात २०२३-२४ चा दर ३.२ टक्के होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘बेरोजगारी ३.२ वरून ५.१ टक्क्यांवर’ असे लिहिणे सोपे आहे, पण ते साफ चूक आहे. दोन्ही आकडे एकाच सर्वेक्षणाचे असले तरी दोन वेगळ्या मोजपट्ट्यांनी घेतलेले आहेत. २०२३-२४ हे वर्ष मासिक पत्रकाच्या मोजपट्टीने मोजले, तर त्याचा दर ४.९ टक्के येतो, आणि हा आकडाही त्याच वार्षिक अहवालात छापलेला आहे. तो बातमीपर्यंत पोहोचत नाही. ह्या आकड्यांवर निवडणुकीच्या सभा गाजतात आणि घरातली तरुण मुले त्यांवरून आपल्या भवितव्याचा अंदाज बांधतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात साध्या हिशेबाने करू. १५ वर्षे व त्यावरील शंभर माणसे घ्या. २०२३-२४ मध्ये त्यांपैकी ६०.१ जण ‘श्रमबला’त होते, म्हणजे एक तर काम करत होते किंवा काम शोधत होते अथवा करायला तयार होते. प्रत्यक्ष काम करणारे ५८.२ होते. उरलेले १.९ बेरोजगार. आता हे १.९ शंभरांपैकी असले, तरी दर काढताना भागायचे ६०.१ ने. उत्तर ३.२ टक्के. जी ३९.९ माणसे श्रमबलाबाहेर आहेत (विद्यार्थी, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, वृद्ध, आजारी, आणि शोधून थकल्यामुळे ज्यांनी नाद सोडला तेही) ती ह्या दरात ना वर येतात, ना खाली. त्यामुळे कंटाळून काम शोधणे सोडणाऱ्याला काम मिळालेले नसतानाही त्याच्या जाण्याने बेरोजगारी दर कमीच होतो.

उलट बाजूही पाहा. २०१७-१८ मध्ये शंभरांमागे श्रमबलात ४९.८ आणि कामावर ४६.८ जण होते, म्हणजे बेरोजगार ३ आणि दर ६ टक्के. समजा, त्यानंतरच्या सहा वर्षांत शंभरातले बेरोजगार तीनच राहिले असते आणि कामावरचे तेवढे ५८.२ झाले असते, तर दर ४.९ वर आला असता. बेरोजगार एकानेही कमी न होता दर एका टक्क्याहून जास्त उतरला असता, कारण ज्या संख्येने भागायचे तीच फुगली. म्हणून बेरोजगारी दर एकट्याने कधीच वाचू नये. त्याच्या शेजारी श्रमबल सहभाग दर आणि काम करणाऱ्यांचे लोकसंख्येतले प्रमाण हवेच.

आता मोजपट्ट्या. वार्षिक अहवालाचा ठळक आकडा ‘नेहमीच्या स्थिती’नुसार असतो. तिच्यात गेल्या ३६५ दिवसांचा हिशेब घेतात, आणि तो दोन पायऱ्यांनी होतो. एक उदाहरण घेऊ. एका तरुणाने वर्षातले चार महिने काम केले, पाच महिने काम शोधले आणि तीन महिने दोन्हींतले काही केले नाही. पहिली पायरी : श्रमबलात नऊ महिने, बाहेर तीन, म्हणून तो श्रमबलात. दुसरी पायरी : त्या नऊपैकी शोधण्यात पाच, कामात चार, म्हणून मुख्य स्थितीनुसार तो बेरोजगार. पण हिशेब इथे संपत नाही. वर्षभरात ३० किंवा अधिक दिवस काम केले असेल तर ते दुय्यम स्थिती म्हणून धरले जाते. ह्या तरुणाने चार महिने काम केलेले आहे. मुख्य आणि दुय्यम स्थिती एकत्र केल्यावर तो काम करणारा ठरतो, आणि ३.२ टक्क्यांच्या ठळक आकड्यातून गळतो. वर्षाचा सर्वांत मोठा भाग त्याने काम शोधण्यात घालवलेला असला तरीही.

मासिक पत्रकाची मोजपट्टी ‘चालू साप्ताहिक स्थिती’ची. तिच्यात फक्त मागचे सात दिवस विचारतात. त्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी निदान एक तास काम केले असेल, तर माणूस रोजगारात. एक तासही काम नाही, पण शोधले किंवा करायची तयारी होती, तर बेरोजगार. सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी करून मे महिन्यात हात रिकामे असलेला शेतमजूर वार्षिक मोजपट्टीत कामावर असतो आणि साप्ताहिक मोजपट्टीत बेरोजगार. म्हणून आपल्याकडे साप्ताहिक दर वार्षिकापेक्षा वरच राहत आला आहे. ह्याच कारणाने एप्रिल २०२५ चा श्रमबल सहभाग ५५.६ टक्के दिसतो. तो वार्षिक अहवालातल्या ६०.१ वरून घसरून तिथे आलेला नाही. साप्ताहिक पट्टीने २०२३-२४ मध्येही तो ५६.२ च होता.

‘एका तासाला रोजगार म्हणायचे ही फसवणूक आहे’ असा आरोप नेहमी होतो. तो पूर्ण रास्त नाही. एक तासाचा निकष आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पद्धतीतला आहे आणि जगभर वापरला जातो. रोजगाराची व्याख्या देशाच्या उत्पन्नाच्या हिशेबाशी जुळावी, कितीही थोडे काम झाले तरी त्यातून निघालेले उत्पादन आणि ते करणारा माणूस दोघेही मोजले जावेत, हा त्यामागचा विचार. खरी तक्रार वेगळीकडे हवी. एवढ्या सैल निकषाने ‘कामच नाही’ असे फार थोडे उरतात, आणि ‘पुरेसे काम नाही’ असे असंख्य लोक रोजगारात लपतात. बेरोजगारीच्या मोजणीचा विचार करणाऱ्या १९७० च्या दांतवाला तज्ज्ञ समितीने हे ओळखले होते. शेती, स्वयंरोजगार आणि हंगामी काम ज्या देशात इतके आहे, तिथे बेरोजगारी एकाच आकड्यात कोंबू नका, असे तिचे सांगणे होते. त्यातूनच राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या १९७२-७३ च्या फेरीपासून नेहमीची, साप्ताहिक आणि दैनिक अशा तीन स्थिती मोजल्या जाऊ लागल्या. दैनिक स्थितीत चार तास किंवा अधिक काम म्हणजे पूर्ण दिवस, एक ते चार तास म्हणजे अर्धा दिवस, असा हिशेब असे. त्यामुळे अर्धवट बेकारी तरी दिसे. आज पन्नासहून अधिक वर्षांनंतर आपण पुन्हा एकाच आकड्याभोवती भांडतो आहोत.

सगळ्यात जास्त गैरसमज स्त्रियांच्या आकड्यांबाबत आहेत, तेव्हा तिथे थोडे थांबतो. २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी २३.३ श्रमबलात होत्या. २०२३-२४ मध्ये ४१.७. सहा वर्षांत एवढी उडी! हा आकडा कसा तयार होतो, ते प्रत्यक्ष घरात बसून पाहिले पाहिजे. सर्वेक्षक प्रत्येक माणसाच्या कामाला एक संकेतांक देतो. स्वतःचा धंदा एकट्याने किंवा घरच्यांच्या मदतीने चालवणाऱ्याला ११, माणसे कामाला ठेवणाऱ्या मालकाला १२, घरच्या धंद्यात किंवा शेतीत बिनपगारी मदत करणाऱ्याला २१, नियमित पगारदाराला ३१, रोजगार हमी आणि इतर सार्वजनिक कामे सोडून अन्यत्र रोजंदारी करणाऱ्याला ५१, काम शोधणाऱ्याला वा तयार असणाऱ्याला ८१, शिकणाऱ्याला ९१, फक्त घरकाम करणारीला ९२, आणि घरकामासोबत सरपण, चारा, रानभाजी गोळा करणे, घरच्यासाठी शिवणटिपण असे करणारीला ९३.

एक शेतकरी घर घ्या. बाई पहाटे उठून म्हशीचे शेण काढते, धार काढते, दूध डेअरीला जाते. मग स्वयंपाक, मुलांची शाळा, दुपारी खुरपणी, येताना सरपणाची मोळी. सर्वेक्षकाने विचारले, ‘ताई काय करतात?’ तर घरातला पुरुष सांगतो, ‘काही नाही, घरीच असतात.’ लिहिले ९२. तिथेच सर्वेक्षकाने पुढचा प्रश्न टाकला, ‘जनावरांचे कोण बघते? खुरपायला कोण जाते?’ तर तीच बाई २१ होते आणि श्रमबलात येते. दूध विकायचे नसून घरीच वापरायचे असले तरी ते उत्पादन आर्थिक काम धरले जाते. मात्र सरपण गोळा करणे ९३ मध्ये जाते, श्रमबलाबाहेर. लोणचे घरच्यासाठी घातले तर काम नाही, विकण्यासाठी घातले तर काम. स्वयंपाक, धुणीभांडी, आजाऱ्याची सेवा हे सगळे बाहेरच. बाईचे कष्ट तेवढेच राहतात, फक्त रेघ कुठे ओढली ते बदलते.

म्हणून २३.३ ते ४१.७ ह्या वाढीकडे पाहताना ती कोणत्या संकेतांकांत झाली हे आधी विचारले पाहिजे. काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये स्वयंरोजगारातल्या स्त्रियांचा वाटा २०१७-१८ मध्ये ५१.९ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ६७.४ टक्के झाला. ह्या ‘स्वयंरोजगारा’त बिनपगारी मदतनीसही धरलेल्या असतात. ह्यातली किती वाढ खरोखर नव्या कामाची, किती अडचणीमुळे शेतात उतरलेल्यांची, आणि किती अधिक चौकसपणे विचारल्यामुळे दिसू लागलेल्या जुन्याच कामाची, ह्यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. माझ्या मते तिन्हींचा वाटा आहे. पण ‘स्त्रियांना नोकऱ्या मिळाल्या’ असे ह्या आकड्यावरून लिहिणे चूक, आणि ‘आकडाच बनावट आहे’ असे म्हणणेही तितकेच चूक. जे काम आजवर मोजलेच जात नव्हते ते मोजले गेले असेल, तर ते चांगलेच झाले. फक्त त्याला रोजगारनिर्मिती म्हणू नये. दुसऱ्या देशांशी तुलना करतानाही हेच भान हवे. श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने केवळ घरच्या वापरासाठी केलेले उत्पादन रोजगाराच्या व्याख्येतून वगळले. आपण ते धरतो.

पूर्ण चित्र हवे असेल तर २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या सर्वांची वाटणी पाहा : स्वयंरोजगार ५८.४ टक्के, नियमित पगारी २१.७, रोजंदारी १९.८. त्या ५८.४ पैकी १९.४ बिनपगारी मदतनीस. शेतीवर काम करणाऱ्यांचा वाटा २०१७-१८ मध्ये ४४.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४६.१ झाला. माणसे शेतीतून कारखान्यांकडे आणि सेवांकडे सरकावीत अशी अपेक्षा असताना ती शेतीत वाढली. बेरोजगारी दर ह्याच काळात निम्म्यावर आला! ह्या दोन गोष्टी एकत्र छापल्या, तर वाचकाला सहा वर्षांची कहाणी कळते. नुसता ३.२ छापला, तर कळत नाही.

तरुणांविषयी. १५ ते २९ वयोगटाचा बेरोजगारी दर २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के होता. त्यावरून ‘दर दहा तरुणांत एक बेरोजगार’ असे लिहिले जाते. तसे नाही. ह्या वयात निम्म्याहून जास्त मुले-मुली श्रमबलात नसतातच. २०२३-२४ मध्ये ४६.५ टक्केच होती. १०.२ टक्के हा त्या ४६.५ मधला हिस्सा आहे. सर्व तरुणांच्या हिशेबाने तो शंभरात पावणेपाचच्या आसपास येतो. दुसरीकडे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा कुठे मोजला जाईल, हे त्याच्या उत्तरावर ठरते. महाविद्यालयात नाव असेल आणि तो ‘शिकतो’ म्हणाला तर ९१, श्रमबलाबाहेर. शिक्षण संपले असून ‘मिळाले तर काम करीन’ म्हणाला तर ८१, बेरोजगार. बापाच्या दुकानात रोज दोन तास बसतो म्हणाला तर २१, रोजगारात. एकाच मुलाच्या तीन नोंदी होऊ शकतात. शिकलेल्यांत बेरोजगारी जास्त आणि निरक्षरांत कमी दिसते, त्याचेही कारण इथेच आहे. ज्याच्या घरात दुसरी मिळकत नाही त्याला बेरोजगार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते करतो आणि रोजगारात मोजला जातो.

मासिक आकड्यांबाबत एक व्यावहारिक सूचना. एप्रिल २०२५ चा ५.१ मे महिन्यात ५.६ झाला. रब्बीचा हंगाम आटोपला की ग्रामीण भागातले काम दरवर्षीच घटते, आणि ह्या आकड्यांतून हंगामाचा परिणाम वजा केलेला नसतो. तो वजा करायला निदान काही वर्षांची सलग मासिक मालिका लागते, आणि ही मालिका तर २०२५ मध्येच सुरू झाली. तोवर मे महिन्याची तुलना एप्रिलशी न करता मागल्या मे महिन्याशी करावी. ऑगस्ट २०२५ मध्ये ५.१, सप्टेंबरमध्ये ५.२ असा फरक तर बातमीच नव्हे. हे सर्वेक्षण आहे, जनगणना नाही. जानेवारी २०२५ पासून नमुना बराच मोठा झाला. पूर्वी १२,८०० गावे-वस्त्यांच्या गटांतून प्रत्येकी आठ, म्हणजे सुमारे १ लाख २ हजार कुटुंबे असत. आता २२,६९२ गटांतून प्रत्येकी बारा, म्हणजे सुमारे २ लाख ७२ हजार. प्रत्येक निवडलेल्या कुटुंबाकडे लागोपाठ चार महिने जातात, त्यामुळे दोन लगतच्या महिन्यांत तीन चतुर्थांश नमुना तोच राहतो आणि बदल मोजायला मदत होते. तरीही देशाचा आकडा जितका भक्कम, तितका एखाद्या राज्यातल्या शहरी तरुणींचा नसतो. उपगट जितका लहान, तितकी चूक मोठी. वार्षिक अहवालाच्या जोडपत्रात प्रमाणित चुकीची, म्हणजे नमुन्यामुळे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याची, कोष्टके दिलेली असतात. राज्याची बातमी करण्यापूर्वी ती उघडून पाहायला पाच मिनिटे पुरतात. नमुन्याची रचनाच बदलली असल्याने २०२४ पर्यंतचे आणि २०२५ नंतरचे आकडे जोडून एकच रेषा काढणेही जोखमीचे आहे.

राहिले ‘इतके कोटी रोजगार’ हे आकडे. रिझर्व्ह बँकेच्या ‘क्लेम्स’ ह्या, उद्योगवार उत्पादन व रोजगाराच्या, माहितीसंचातून २०२३-२४ मध्ये ४.६७ कोटी रोजगार वाढल्याची मोठी चर्चा झाली. तो आकडा वेगळी शिरगणती करून आलेला नाही. ह्याच पीएलएफएसमधले प्रमाण अंदाजित लोकसंख्येने गुणून असे आकडे निघतात. त्या एका वर्षात १५ वर्षांवरील काम करणाऱ्यांचे प्रमाण ५६.० वरून ५८.२ झाले. ह्या वयाची लोकसंख्या शंभर कोटींच्या पुढे धरली, की शंभरातला एक माणूस म्हणजे एक कोटीहून अधिक माणसे होतात. म्हणजे संकेतांक २१ मधली शेतातली बाईसुद्धा त्या ४.६७ कोटींत येते. शिवाय गुणायची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेवरून पुढे काढलेली. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे येईपर्यंत कोटींतल्या प्रत्येक दाव्यापेक्षा प्रमाणावरच भिस्त ठेवलेली बरी.

भविष्य निर्वाह निधीच्या नव्या सभासदांनाही सरसकट ‘नव्या नोकऱ्या’ म्हणू नये. हा कायदा साधारणपणे २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. १८ जणांच्या कारखान्यात दोघे वाढले, की पूर्वी खाते नसलेले सगळे पात्र कामगार एकदम नव्या सभासदांत दिसतात. नोकऱ्या मात्र दोनच वाढलेल्या असतात.

ह्या सगळ्याला वृत्तपत्रात जागा फार लागत नाही. मथळ्याखाली एका लहान चौकटीत पुढचा मजकूर बसतो, आणि दर महिन्याला आकडे तेवढे बदलायचे. अशी चौकट आपण सुरू करावी, एवढी आग्रहाची विनंती.

‘एप्रिल २०२५, वय १५ व अधिक, चालू साप्ताहिक स्थिती. दर शंभर माणसांत श्रमबलात ५५.६, कामावर ५२.८. बेरोजगारी दर श्रमबलाच्या ५.१ टक्के. आकड्यांतून हंगामाचा परिणाम वगळलेला नाही. वार्षिक अहवालातील ३.२ टक्के हा आकडा ३६५ दिवसांच्या मोजपट्टीचा असून त्याच्याशी तुलना करू नये.’

कळावे,
आपला,
श्रम-सांख्यिकीचा एक अभ्यासक